बालशिकारी, खंड चौथा

१

कव्हर खाकी होतं, त्यावर काळ्या शाईने ‘४’ लिहिलेलं होतं, कोपऱ्यात दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू होतं. आत मात्र रेल्वेने माल पाठवण्याच्या नियमांचं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, गिरगावात मुगभाटातल्या आमच्या ज्ञानदीपिका वाचनगृहात हे उघड झालं. दादरहून उर्वी नावाची एक संशोधक मुलगी ‘बालशिकारी’चा चौथा खंड बघायला आली होती. ग्रंथपाल भाविकाने काचेचं कपाट उघडून खंड टेबलावर ठेवला. उर्वीने पहिलं पान उलटलं आणि विचारलं, हे काय दिलंत मला? आमचे चिटणीस अजित सामंत तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, उठले, आणि सगळ्यांत आधी भाविकाच्या हातातून कपाटाची किल्ली काढून घेतली.

साडेअकराला त्यांचा मला फोन. चोरी झाली आहे, चोरही सापडलाय, शनिवारी सहाला कमिटी बोलावली आहे. मुलीला कामावरून काढायचं आणि पोलिसांत द्यायचं, तुमची सही लागेल.

मी सुचित्रा धैर्यवान. छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. कमिटीवर एक तरी बाई असावी म्हणून मला घेतलं होतं, आणि घेतल्याचा त्यांना तेव्हापासून पश्चात्ताप होतोय. कुणी घाईने सही मागितली की माझं डोकं फिरतं. मी सामंतांना म्हटलं, शनिवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे दोन दिवस आहेत. तोवर कपाटाला कुणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही.

ते म्हणाले, “सुचित्राताई, किल्ली फक्त त्या मुलीकडे होती. यात शोधायचं काय?”

ते मलाही अजून माहीत नव्हतं.

२

‘बालशिकारी’ हे नाव आमचं, वाचनगृहातलं. मूळ पुस्तकं इंग्रजी, सात खंड, विलायतेत छापलेली, एकोणिसाव्या शतकातली. दोन गोरे भाऊ आणि त्यांचा मामा बंदुका घेऊन जगभर हिंडतात. दर प्रकरणात एक जनावर भेटतं, मुलं त्याला गोळी घालतात, आणि मग मामा त्या मेलेल्या जनावराशेजारी बसून व्याख्यान देतो: दात किती, खूर कसे, खातं काय. त्या काळी मुलांना शिकार आणि प्राणिशास्त्र असं एकाच दमात शिकवायचे. चित्रं सुरेख आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण त्या मामाचा मला भयंकर राग येतो. मेल्याला एक साधा बगळासुद्धा मारल्याशिवाय ओळखता येत नाही.

हे सात खंड १८८७ साली माधव मानकर नावाच्या गिरगावातल्या तेरा वर्षांच्या मुलाला शाळेत बक्षीस मिळाले. हाच माधव पुढे मोठा माणूस झाला. ‘मुंबई बंदरातील जलचर’ हे त्याचं मराठी पुस्तक गाजलं. त्याचं तैलचित्र आमच्या हॉलमध्ये आहे, आणि येत्या डिसेंबरात आमच्या गल्लीच्या नाक्याला ‘निसर्गाभ्यासक माधव मानकर चौक’ असं नाव लागायचं आहे. त्याचा पणतू अच्युत मानकर आमच्या वाचनगृहाचा अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर, आणि माझा सख्खा मामेभाऊ.

चौथा खंड समुद्राचा. त्याच्या समासात लहानग्या माधवने पेन्सिलीने मराठीत टिपणं केली होती, हे दीड वर्षापूर्वी भाविकाने शोधलं. ती तेव्हा अर्धवेळ कामाला होती. सामंतांकडून कपाट उघडून घेऊन तिने तीन पानांचे फोटो काढले होते. गुरुवारी दुपारी तिने मला ते दाखवले. एका पानावर चिखलात पडलेल्या निवटीचं चित्र होतं. मामा सांगतो, हा मासा भरतीत वाहून आला आणि आता पाण्यावाचून तडफडून मरतोय. समासात माधवने लिहिलं होतं, ‘मरत नाही. चिखल हेच त्याचे घर. ओहोटीस बाहेर येऊन चालतो. दत्तू कोळ्याने दाखविले.’

छत्तीस वर्षं मी मुलांना निवटी शिकवली. तेरा वर्षांच्या पोराने आणि एका कोळ्याने विलायती पुस्तकाची काढलेली ती चूक बघून मला टाळी वाजवावीशी वाटली.

भाविका वरळी कोळीवाड्यातली. ग्रंथालयशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, एक ऑगस्टपासून आमची हंगामी ग्रंथपाल. किल्ली तेव्हापासून तिच्याकडे. जानेवारीत ती कायम व्हायची होती. तो दत्तू तुझा पणजोबा का, असं मी विचारलं. तिने शांतपणे सांगितलं की आमच्या वाड्यात दत्तू ढिगाने सापडतील, माझाच होता असा माझा दावा नाही. पण कुणाचा तरी होता.

गेल्या महिन्यात तिने कमिटीकडे अर्ज केला होता, कोळीवाड्याच्या प्रदर्शनात एक दिवस चौथा खंड ठेवू द्या. कमिटीने नाही म्हटलं. सामंतांच्या हिशेबी इथेच सगळं सिद्ध होत होतं. तिला पुस्तक हवं होतं, आपण दिलं नाही, किल्ली तिच्याकडे, पुस्तक गायब.

मी तिला सरळ विचारलं, “तू घेतलंस का?”

“नाही,” ती म्हणाली. “पण बाई, मला चोर ठरवून काढलं तर या शहरात दुसरं कुठलंही वाचनालय मला दारात उभं करणार नाही. पुस्तकांच्या कामात एकदा चोर म्हटलं की संपलं. मला पुस्तक सापडायला हवं आहे आणि कोणी घेतलं ते कळायला हवं आहे. दोन्ही.”

रडली नाही. मला ते आवडलं, आणि तिथून पुढे मीही मागे हटणार नव्हते.

३

शुक्रवारी सकाळी मी दादरच्या मासळी बाजारात गेले. भाविकाची आई गुणवंती तिथे बसते. माझी मासळीची बाई दुसरी आहे, तरी तिने मला ओळखलं, पाट सरकवला आणि सुरमई कापता कापता बोलत राहिली. लेकीने आजच राजीनामा द्यावा असं तिचं म्हणणं होतं. ज्यांनी तोंडावर चोर म्हटलं त्यांच्याकडे कशाला जायचं? माझ्या शेजारी बसेल, मान राखून खाईल. पोरगी ऐकत नाही, ती म्हणाली, बापावर गेली आहे.

मी तिला एकच विचारलं, भाविकाने ते पुस्तक घरी कधी आणलं होतं का. गुणवंतीने सुरी खाली ठेवली. पुस्तक कधीच नाही, फोटो मात्र आणले होते, गेल्या वर्षी. भाविकाने ते वाचून दाखवले तेव्हा घरातले सगळे भोवती जमले होते. मग ती एक गोष्ट बोलली, जिच्याकडे मी तेव्हा पुरेसं लक्ष दिलं नाही. भाविका इतकी खूश होती की दुसऱ्या दिवशी ते फोटो तिने वाचनालयातल्या सगळ्या साहेबांना दाखवले. एक साहेब नुसतं हं म्हणाले आणि मोबाइल परत दिला, त्याचं पोरीला वाईट वाटलं होतं.

मला त्या क्षणी त्यातले एकच साहेब संशयास्पद वाटत होते. ऑगस्टच्या आधी अकरा वर्षं किल्ली अजित सामंतांकडे होती.

दुपारी मी त्यांना वाचनगृहात गाठलं. जुनी पुस्तकं विकणारा एक दलाल त्यांच्याकडे येऊन गेल्याचं मी ऐकून होते, ते तोंडावर टाकलं. सामंत लालबुंद झाले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला सगळे मेसेज वाचायला दिले. दलाल तीनदा विचारत होता, सामंत तीनदा नाही म्हणत होते, तिसऱ्यांदा तर बऱ्यापैकी शिवी देऊन. दलालाचा शेवटचा मेसेज या जुलैचा होता आणि तेव्हाही तो सातही खंड मागत होता. चोरलेला माल विकायला काढलेला असता तर असे मेसेज आले नसते. सामंत कर्कश आहेत, घाईचे आहेत, पण चोर नाहीत. मला थोडी शरम वाटली आणि ती मी त्यांना दाखवली नाही.

त्याऐवजी म्हटलं, कपाट उघडा, माझ्यासमोर.

४

सात खंड एका फळीवर उभे होते, सगळ्यांना कोरी खाकी कव्हरं, सगळ्यांवर हळदकुंकवाचं बोट. आमच्याकडे सरस्वतीपूजनाला हेच सात खंड पाटावर मांडतात. त्याच्या आदल्या दिवशी दर वर्षी जुनी कव्हरं उतरवून नवी घालतात. दसरा होऊन आठवडाच झाला होता.

मी रेल्वेच्या नियमांचं ते पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर मोहरीएवढं गोल भोक होतं. पुढच्या पानावर त्याच जागी. तसं ते शेवटच्या पानापर्यंत आरपार गेलं होतं, आणि दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांतूनही. हे काम एका बारीक भुंग्याच्या अळीचं. ती पुस्तकात जन्मते, पुस्तक खात सरळ बोगदा पाडते आणि शेजारी दुसरं पुस्तक टेकलेलं असेल तर न थांबता त्यात शिरते.

मी पट्टी मागवली. भोक खालून साडेसहा सेंटिमीटरवर, कण्यापासून दोनवर. मग तिसरा खंड काढला आणि त्याचं पहिलं पान बघितलं. सामंत म्हणाले, शेवटचं बघा ना, चौथ्याला ते टेकणार. मी त्यांना म्हटलं, तुम्ही अकरा वर्षं किल्ली सांभाळली, पुस्तकं कधी बघितली नाहीत. कणा आपल्याकडे करून इंग्रजी किंवा मराठी पुस्तकं ओळीने उभी केली की तिसऱ्याचं पहिलं पान चौथ्याच्या शेवटच्या पानाकडे येतं. पटत नसेल तर घरी जाऊन फळीवर बघा.

तिसऱ्याच्या पहिल्या पानावर भोक होतं. साडेसहा आणि दोन. पाचव्याच्या शेवटच्या पानावरही होतं. साडेसहा आणि दोन.

सामंतांना अजून समजलं नव्हतं, म्हणून मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं. एकाच अळीने तिसऱ्यातून या रेल्वेच्या पुस्तकात आणि तिथून पाचव्यात एकच बोगदा पाडला आहे. म्हणजे ती खात होती तेव्हा हे तोतया पुस्तक त्या दोघांच्या मधे उभं होतं. इतका बोगदा दोन महिन्यांत होत नाही. निदान सात-आठ महिने हवेत, जास्तच. भाविकाकडे किल्ली आली ऑगस्टमध्ये. तिने किल्ली घेतली तेव्हा चौथा खंड कपाटात नव्हताच.

सामंत खुर्चीत बसले. हातातल्या किल्लीकडे बघत म्हणाले, म्हणजे मग माझ्या वेळी गेला. त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

पण मी त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे बघत होते. भोक पुठ्ठ्यातून आरपार होतं, आणि पुठ्ठ्यावरच्या खाकी कागदाला मात्र टाचणीएवढंही छिद्र नव्हतं.

५

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर दत्ताराम बाइंडर बसतो. आमची पुस्तकं तोच शिवतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दुसरा आणि सहावा खंड शिवायला तो आठ दिवस आमच्याकडे येऊन बसला होता, उघड्या कपाटाशेजारी. म्हणजे त्याच्यावरही संशय घ्यायला हवा होता. शुक्रवारी संध्याकाळी मी सामंतांना चिठ्ठी लिहून देऊन तो तोतया खंड पिशवीत घातला आणि टॅक्सीने त्याच्याकडे गेले.

दत्तारामने चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक डोळ्यांपाशी धरलं आणि कव्हराची आत दुमडलेली टोकं नखाने चाचपली. कव्हर काढून दुसऱ्या पुस्तकाला घातलं असेल का, हे मला कळायला हवं होतं. समजा दसऱ्याला खऱ्या चौथ्या खंडाला हे कव्हर घातलं, आणि नंतर कुणी ते उतरवून या तोतयाला चढवलं, तर कव्हरावरून बांधलेला माझा तर्क कोसळत होता.

“नाय बाई,” तो म्हणाला. “ह्यां कव्हर ह्याच पुस्तकावर घातलेला. टोकां खळीन चिकटवल्यानीत. काढून परत लावला आसता तर कागदाचो पापुद्रो इलो आसतो. हंय कायच नाय.”

मग त्याने बोट ओलं करून टोकावर घासलं, वास घेतला आणि सांगितलं की ही खळ बाइंडरची नव्हे, घरच्या गव्हाच्या पिठाची आहे. आम्ही खळीत मोरचूद घालतो, म्हणून किडा लागत नाही. ह्यात मोरचूद नाही. म्हणून तर किडे येतात, कितीदा सांगून बघितलं.

कुणाला सांगून बघितलं, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

कव्हरं घालायचं काम मला द्या, असं दत्तारामने वीस वर्षांत वीसदा सांगितलं होतं. पण साहेब त्या सात पुस्तकांना कुणाला हात लावू देत नाहीत. पणजोबांची बक्षिसं आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आंघोळ करून येतात, दार लोटून एकटे बसतात, जुनी कव्हरं काढतात, नवी घालतात, आकडे स्वतः घालतात.

मी कव्हरावरचा तो ‘४’ पुन्हा बघितला. ज्या हाताने तो काढला होता त्याच हाताने मला पाटीवर आकडे गिरवायला शिकवलं होतं. मी सहा वर्षांची होते आणि अच्युतदादा सोळाचा.

कव्हर घालायचं तर पुस्तक उघडावं लागतं, दोन्ही पुठ्ठे मागे दुमडावे लागतात, पहिलं पान डोळ्यांसमोर येतंच. या दसऱ्याला दादाने भोकं पडलेल्या रेल्वेच्या पुस्तकाला स्वतःच्या हाताने कोरं कव्हर घातलं, त्यावर चार लिहिलं, कुंकू लावलं आणि पाटावर मांडलं. आत काय आहे ते त्याला माहीत होतं. जुनं कव्हर तसंच राहू दिलं असतं तर कव्हरालाही भोक असतं आणि माझ्या हाताला काहीच लागलं नसतं. पण पूजेत जुन्या कव्हराचं पुस्तक मांडायला मानकरांच्या घरात वाढलेला हात धजला नाही.

टॅक्सीत मी रडले. रागाने जास्त, दुःखाने थोडी.

६

शनिवारी सकाळी दहाला मी दादाच्या घरी होते, खोताच्या वाडीमागे तिसऱ्या मजल्यावर. सरोजिनीवहिनी चहा घेऊन आल्या, आमची तोंडं बघून ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

मी आडवळण घेतलं नाही. अळीचं सांगितलं, कव्हराचं सांगितलं, खळीचं सांगितलं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग उठला, लोखंडी कपाट उघडलं आणि वहिनींच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला चौथा खंड माझ्यासमोर ठेवला.

गेल्या वर्षी भाविकाने त्याला फोटो दाखवले, त्या रात्री त्याला झोप लागली नव्हती. त्याच वर्षी दसऱ्याला कव्हरं घालायला बसला तेव्हा त्याने पहिल्यांदा तो खंड पानन् पान वाचला. ‘मुंबई बंदरातील जलचर’मध्ये आहे ते सगळं त्या समासात होतं, ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीखाली ‘दत्तू म्हणतो’. छापलेल्या पुस्तकात दत्तूचं नाव एकदाही नाही. पणजोबांनी ते एका कोळ्याच्या तोंडून घेतलं आणि आपलं म्हणून छापलं. शेजारच्या फळीवरचं त्याच मापाचं पुस्तक दादाने चौथ्याच्या कव्हरात घातलं आणि चौथा पिशवीतून घरी आणला. फाडायची हिंमत झाली नाही, म्हणाला, आणि परत ठेवायचीही झाली नाही.

“शेवटचं पान बघ,” दादा म्हणाला.

शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच बालबोध अक्षरात लिहिलं होतं: ‘या पुस्तकातील साहेब प्रत्येक प्राणी मारून ओळखतो. दत्तू न मारता ओळखतो. मोठेपणी मी पुस्तक लिहीन त्यावर दत्तूचे नाव आधी घालीन. विसरल्यास हे पान मजला दाखवावे.’

मी ते दोनदा वाचलं. मला त्या पोराचा लळा लागला आणि मोठेपणीच्या माधवरावांचा संताप आला.

दादा बोलू लागला. पुस्तक घेऊन जा. कपाटाच्या मागे पडलं होतं असं सांग. पोरीवरचं बालंट जाईल, घराण्याची अब्रूही राहील, कुणाचं काही बिघडणार नाही.

“गुरुवारी सामंतांनी तुला फोन केला,” मी म्हटलं. “पोलिसांत देऊ म्हणाले. तू काय म्हणालास?”

त्याने चहाचा ट्रे उगाच सरळ केला.

“दादा, तू हो म्हणालास. पुस्तक तुझ्या घरात आणि तू त्या पोरीला चोर ठरवू दिलंस. पणजोबांनी दत्तूचं नाव खाल्लं ते सव्वाशे वर्षांपूर्वी. तू हिचं नाव परवा खाल्लंस. कपाटामागे सापडलं म्हटलं तर लोक जन्मभर म्हणतील, पोरगी घाबरली आणि परत टाकलंन. मी पुस्तक नेणार नाही. सहा वाजता तू आणायचं आणि तूच सांगायचं.”

“आणि नाही आलो तर?”

“तर मी सांगेन,” मी म्हटलं. “पण मग ते मी सांगितलेलं असेल.”

चहा तसाच राहिला. मी जिना उतरले. तो येईल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

७

सहा वाजता कमिटी बसली. अध्यक्षांची खुर्ची रिकामी. भाविका टेबलाच्या टोकाला उभी होती, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून मी माझी खुर्ची तिच्याकडे ढकलली. मागे बाकावर गुणवंती येऊन बसली होती, बाजारातून थेट, आणि तिला बाहेर थांबा म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. नोंदवहीत सामंतांनी गुरुवारीच लिहून ठेवलं होतं, ‘ग्रंथपालांच्या ताब्यातून खंड चौथा चोरीस गेला, संशय ग्रंथपालांवर.’ ते वाक्य आता खोडून टाकू, म्हणून ते हळूच मला सांगत होते. मी म्हटलं, थांबा.

सव्वासहा झाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी तोतया पुस्तक पुढे ओढलं. भोकं दाखवली. हे पुस्तक सात-आठ महिने तरी या फळीवर होतं, इथपर्यंत मी आले आणि दार उघडलं.

दादा आत आला. घामेजलेला, काखेत बोचकं. बसला नाही. गाठ सोडून त्याने खंड टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं की हा मी नेला होता, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला, आणि या मुलीवर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो. का नेला तेही सांगितलं. मग चष्मा लावून त्याने शेवटचं पान मोठ्याने वाचलं. ‘विसरल्यास हे पान मजला दाखवावे’ इथे त्याचा आवाज गेला, आणि ते वाक्य त्याने परत पहिल्यापासून वाचलं.

मागच्या बाकावर गुणवंतीने पदर तोंडाला लावला होता.

सामंत म्हणाले, झालं ते झालं, गुरुवारची नोंद खोडून हा विषय इथेच मिटवू, बाहेर काही जायला नको. दोघा-तिघांनी माना हलवल्या.

“खोडायची नाही,” भाविका म्हणाली.

ती उठून नोंदवहीपाशी आली. गुरुवारी माझ्याबद्दल लिहिलंत ते राहू द्या, ती म्हणाली, आणि त्याच्या खाली आज काय झालं ते पूर्ण लिहा. पुस्तक कोणी नेलं, कुठे होतं, कोणी शोधलं, शेवटच्या पानावर काय आहे. खाली अध्यक्षांची सही. खोडलं तर उद्या कुणीही विचारेल, काय खोडलं? आणि उत्तर प्रत्येकजण आपापलं देईल.

सामंतांनी लिहिलं. पान भरलं, दुसरं लागलं. दादाने सही केली आणि त्याच पानावर अध्यक्षपदाचा राजीनामाही लिहिला. चौकाच्या पाटीवर दत्तूचं नाव आधी घालावं असं पत्र वाचनगृहाने पालिकेला पाठवावं, हा ठराव मी मांडला. सामंतांनी अनुमोदन दिलं, त्यांनाही काहीतरी चांगलं करायचं होतं.

गुणवंती पुढे आली. मला वाटलं आता लेकीला हाताला धरून नेणार. तिने त्या पुस्तकाकडे नुसतं बघितलं, पुसलेल्या हातानेही स्पर्श केला नाही, आणि भाविकाला विचारलं, जायचं का राहायचं? भाविका म्हणाली, राहायचं. गुणवंती परत बाकावर जाऊन बसली.

सामंतांनी खिशातून किल्ली काढून भाविकाच्या हातात दिली. तिने सातही खंड ओळीने लावले, कपाट बंद केलं आणि कुलूप ओढून बघितलं.

दादा अजून तिथेच उभा होता. अध्यक्ष म्हणून आता काही उरलं नव्हतं, भाऊ म्हणून माझ्याकडे बघवत नव्हतं. शेवटी त्याने भाविकालाच विचारलं, अगदी हळू, की ते समासातलं अक्षर पणजोबांच्या लहानपणचं आहे, मला अधूनमधून वाचायला मिळेल का.

भाविकाने त्याच्याकडे नीट बघितलं. राग तिच्या तोंडावर होता, तो तिने लपवला नाही.

“सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार,” ती म्हणाली. “इथेच बसून वाचायचं, टिपण पेन्सिलीने घ्यायचं. आणि येताना ओळखपत्र आणा.”

सोमवारी अकराला दहा कमी असताना मी तिथून जात होते. दादा वाचनगृहाच्या पायरीवर उभा होता, हातात आधार कार्ड धरून, दार उघडायची वाट बघत.